हुबेहूब गिरणीचा भोंगा

त्या काळच्या खेळण्यांच्या जाहिरातींतलं मूल मी आयुष्यात कधी प्रत्यक्ष पाहिलं नाही, आणि ते चित्र काढायचो मीच. गोबरे गाल, कपाळावर वळवलेली झुलपं, पट्ट्यांची अर्धी चड्डी, पायात मोजे. शेजारी त्याचा बाप, सुटात, तोंडात पाइप. मागे दिवाणखाना आणि त्यात फुलदाणी. गिरगावातल्या आमच्या जाहिरातींच्या ऑफिसच्या खिडकीतून जी पोरं दिसायची त्यांच्या चड्डीला पट्टे सोडा, धड बटणंही नसायची. आणि कुणाचा बाप पाइप ओढताना सापडला असता तर अख्ख्या चाळीने त्याला धरून डॉक्टरकडे नेला असता. पण गिऱ्हाइकाला तसंच मूल लागायचं. मी नुकताच चित्रकला शिकून बाहेर पडलो होतो, पोटाला नोकरी हवी होती, तेव्हा मी निमूटपणे मोजे काढत बसायचो.

मजकूरही त्याच थाटाचा. प्रत्येक खेळणं बुद्धिवर्धक. चार फिरक्यांत आडवी होणारी भिंगरीसुद्धा बुद्धिवर्धक. सगळी खेळणी अमेरिकन धर्तीची, सगळी न मोडणारी, आणि नकलांपासून सावध राहायचं ते वेगळंच. "लहानांना मौज, थोरांना विश्रांती" ही ओळ मी पत्र्याच्या ढोलकीच्या जाहिरातीत वाचली आहे. ज्याने ती लिहिली त्याच्या घरात ढोलकी नव्हती, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो.

आमच्या ऑफिसात असलं काही छापून जायचं नाही, कारण आमच्याकडे मजकूर लिहायला नाना होते.

त्यांना सगळे नानाच म्हणत. खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं आणि ते तिथेच राहिलं. धोतर, काळा कोट, डोक्यावर टोपी, आणि कोटाच्या उजव्या खिशात पत्र्याचा बेडूक. दाबला की टिक्‌ करायचा, सोडला की टक्‌. नाना वादात पडत नसत. समोरचा माणूस खोटं बोलला की खिशात टिक्‌ टक्‌ व्हायचं, बस्स. एखादा कारखानदार येऊन सांगू लागे, "आमची मोटार म्हणजे अशी मजबूत..." टिक्‌ टक्‌. "जर्मनीहून कारागीर आणलाय..." टिक्‌ टक्‌. तो माणूस इकडेतिकडे बघायचा, त्याला वाटायचं घड्याळ बिघडलंय. आमच्या मालकांच्या कपाळावर मात्र घाम फुटायचा. एकदा नात्यातल्या एका बघण्याच्या कार्यक्रमात नवरामुलगा किती निर्व्यसनी आहे याचं वर्णन चालू असताना नाना इतक्या वेळा वाजले, की मुलीच्या बापाने चौकशीला माणूस पाठवला. ते लग्न मोडलं. मुलगी पुढे दादरला चांगल्या घरी पडली आणि दर दिवाळीला नानांच्या पाया पडून जायची.

खेळण्याची जाहिरात लिहायची त्यांची रीत ठरलेली होती. नमुना घरी न्यायचा आणि तो मोडेपर्यंत खेळायचं. "कसं मोडतं ते कळल्याशिवाय काय लिहू?" असं ते म्हणत. नानांना तीन मुलं, पण मुलांची पाळी वडिलांनंतर. काकू बिचाऱ्या दारात उभ्या राहून शेजारणींना सांगत, "पोरांचं काही नाही हो, पोरं शहाणी आहेत. हेच मोडतात." मोडून झालं की नाना दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन चार ओळी लिहीत, आणि त्या चार ओळी मला आजही पाठ आहेत.

टाळ्या वाजवणाऱ्या माकडाची जाहिरात: "चावी द्या. माकड टाळ्या वाजवतं. कशाबद्दल वाजवतं ते आम्हालाही ठाऊक नाही." डोळे मिटणाऱ्या बाहुलीची: "आडवी केली की झोपते. तुमच्या मुलीला हे करून दाखवा, ती हसेल. झोपणार नाही." आणि मेणबत्तीवर फटफट चालणाऱ्या बोटीची: "ही बोट बादलीत उत्तम चालते. चौपाटीवर नेऊ नका. आम्ही नेली होती."

नेली होती हे खरंच. बरोबर मीही होतो. बोट फटफट करत निघाली ती थेट अरबस्तानाच्या दिशेने, आणि नाना धोतर सावरत कमरेएवढ्या पाण्यात तिच्यामागे. किनाऱ्यावरच्या भेळवाल्याने आरडाओरडा करून माणसं जमवली, त्याला वाटलं म्हातारा जीव द्यायला निघालाय. बोट गेलीच. नाना ओल्या धोतराने वाळूत येऊन बसले आणि समाधानाने म्हणाले, "चला, ओळ मिळाली."

मालक कपाळाला हात लावायचे. ते जुन्या मुंबईकर घराण्यातले, बोलायला मृदू, पण धंद्याच्या बाबतीत काळजीने अर्धे झालेले. "नाना, अहो, आपण माल विकायला बसलोय की मालाची साक्ष द्यायला?" नाना म्हणायचे, "मालक, मूल जाहिरात वाचून महिनाभर वाट बघतं. मग पार्सल येतं. त्या दिवशी त्याला कळता कामा नये की छापलेलं खोटं असतं. ते पुढे कळणारच आहे, पण आपल्यामुळे नको." गंमत म्हणजे माल खपायचा. बादलीत चालणाऱ्या बोटीवर लोकांचा विश्वास बसायचा, कारण ती समुद्रात चालत नाही हे आम्हीच सांगितलेलं असायचं. आज कोट्यवधी उधळून जाहिराती करणाऱ्यांना ही साधी गोष्ट उमगलेली नाही, आणि ती उमगेल अशी मला आशाही नाही.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. गल्लीच्या तोंडावर रोज सभा, भिंतीभिंतीवर डांबराने लिहिलेलं, अधूनमधून अश्रुधूर. अश्रुधूर सुटला की आम्ही ओल्या रुमालाने डोळे पुसत चित्रं काढायचो, म्हणून त्या वर्षीच्या काही बाहुल्या जराशा तिरळ्या आहेत. एकदा वाडीतली मुलं नानांकडे आली. नाक्यावर मोठा फलक लावायचा होता, नानांनी चार ठसठशीत शब्द द्यावेत. नानांनी चष्म्यावरून पाहिलं. "जे लिहीन ते होणार ना?" "होणार म्हणजे? झालंच पाहिजे!" पोरं ओरडली. मी नानांच्या खिशाकडे पाहत होतो. खिसा गप्प होता. नानांनी फलक लिहून दिला आणि मला म्हणाले, "नमुना न तपासता लिहिलेली ही माझी पहिली जाहिरात." तीही खरी ठरली, हे सांगायला नकोच.

आता भोंग्याची गोष्ट.

करी रोडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये खेळणी बनवणारे एक गृहस्थ होते. मूळचे मालवणकडचे, पूर्वी गिरणीत फिटर, मग नोकरी सोडून त्यांनी हा उद्योग काढला. त्या वर्षी त्यांनी दिवाळीसाठी नवं खेळणं केलं: पत्र्याचा डबा, त्याला दांडा, दांडा फिरवला की आत पाती फिरायची आणि डबा आधी घुमायचा, मग चढत चढत असा काही रडायचा की खिडक्यांची तावदानं थरथरायची. त्यांनी तो मालकांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हुबेहूब गिरणीचो भोंगो! ह्या एवढाच लिवा. माझो सगळो पत्रो ह्यातच गेलो हा."

मालक खूश. दिवाळी अंकातलं अर्धं पान घ्यायला तयार असलेलं गिऱ्हाईक रोज येत नाही. मी चित्रही मनात आखलं: गोबऱ्या गालांचा मुलगा, हातात भोंगा, मागे पाइपवाला बाप कानात बोटं घालून हसतोय.

नानांनी भोंगा घेतला, फिरवला, कान देऊन ऐकला. "वाजतो छान. पण हुबेहूब हे मी कसं लिहू? मी गिरगावात राहतो. मला गिरणीचा भोंगा लांबून, तोही वारा असला तर ऐकू येतो. ज्यांच्या उशाशी वाजतो त्यांना विचारायला हवं."

"नाना, परवा सकाळी मजकूर छपाईचा ब्लॉक करायला गेला पाहिजे. अंक आपल्यासाठी थांबलाय. आणि उद्या हरताळ आहे!"

"मग उत्तमच. उद्या गिरण्या बंद, खरा भोंगा वाजणार नाही. माणसं घरी भेटतील. गल्लत होणार नाही."

मालकांचा मृदूपणा त्या दिवशी संपला. ते उठून उभे राहिले आणि माझ्यासमोर म्हणाले, "नाना, परवा सकाळी ओळ टेबलावर हवी. नसली तर तुम्ही परवापासूनच घरी बसा. मला दुसरा माणूस बघावा लागेल." ते बोलले ते खरं होतं, कारण खिशातून काही ऐकू आलं नाही.

हरताळाच्या दिवशी ट्राम नाही, बस नाही. आम्ही दोघं चालत लालबागला निघालो. तिथे माझी थोरली बहीण दिलेली, भावोजी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. नानांच्या हातात कापडी पिशवी. भायखळ्याला पोलिसांनी अडवलं.

"पिशवीत काय आहे?"

"भोंगा," नाना म्हणाले.

"कसला भोंगा?"

"तेच विचारायला चाललोय."

हवालदार बराच वेळ नानांच्या टोपीकडे बघत राहिला. मग बहुधा कागदपत्रांचा त्रास नको म्हणून त्याने हात हलवला आणि आम्ही सुटलो.

चाळ दुपारच्या जेवणानंतर सुस्तावली होती. नाना जिन्यातच थांबले. "कुणाला काही सांगायचं नाही. सांगून वाजवला तर लोक भिडेने हो म्हणतात. तू ताईकडे जाऊन बस आणि नीट बघ. मी गच्चीत जातो."

ताईने मला पाहून "अरे, एवढं चालत आलास?" असं म्हणत पाट सरकवला. भावोजी चटईवर गाढ झोपले होते. सकाळपासून घोषणा देऊन घसा बसलेला, शर्ट खुंटीला, शर्टावर संयुक्त महाराष्ट्र समितीचा बिल्ला तसाच. शेजारी त्यांचे दोघं गाववाले घोरत होते. मी पाणी पीत होतो तेवढ्यात वरून आवाज सुरू झाला.

आधी घुमला. मग चढला. मला ठाऊक असूनही मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

भावोजींनी डोळे उघडलेच नाहीत. मिटल्या डोळ्यांनी ते उठून बसले, हात वर गेला, खुंटीवरचा शर्ट त्या हातात आला, आणि पाय चपला शोधू लागले. दोघं गाववालेही उभे. ताईने न बघता स्टोव्हला पंप मारायला घेतला. वेळ कोणती, दिवस कोणता, कुणी विचारलं नाही. बाहेर अख्ख्या गॅलरीत दारं उघडत होती, चपला वाजत होत्या, माणसं बटणं लावत जिना उतरत होती. नाना याला काय म्हणतील कोण जाणे, मला हसू आलं नाही.

जिन्याच्या तळाशी कुणीतरी थांबला. "अरे, आज हरताळ ना?"

मग एकदम ओरडा झाला, "गिरणी चालू केली! मालकांनी फोडला हरताळ!"

शे-दोनशे माणसं गिरणीच्या फाटकाकडे धावली, मीही त्यांच्यामागे. आणि तिथे बघतो तर फाटकातला छोटा दरवाजा उघडा! झालं. लोक पेटले. कोपऱ्यावरच्या पोलिसांच्या गाडीतून शिपाई उतरू लागले. त्यांच्या हातात नुसत्या काठ्या नव्हत्या, आणि त्या दिवसांत त्याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. तेवढ्यात दरवाजातून पहारेकरी बाहेर आला, हातात अर्धी भाकरी. रडकुंडीला येऊन म्हणाला, "अरे, कोणी चालू केली नाही रे! भोंगा झाला म्हणून मी सवयीने दार उघडलं! आत कोणी नाही, शपथ!"

समितीच्या मंडळींनी आत डोकावून पाहिलं. सगळं बंद. मग हा भोंगा कुणाचा? आणि नेमका तेव्हाच तो परत वाजला. नाना शिस्तीचे होते, एका वाजवण्यावर त्यांचं भागायचं नाही. सगळ्यांच्या माना चाळीच्या गच्चीकडे वळल्या. पोलिसांच्यासुद्धा.

मी गच्चीत पोचलो तेव्हा एकाने नानांचा कोट धरला होता. "मालकांचा माणूस! धरा रे याला!"

नानांची टोपी पडली होती, पण चेहरा उजळलेला. "एक मिनिट. आधी एवढंच सांगा, हुबेहूब वाटला का?"

"हुबेहूब?" तो माणूस किंचाळला. "अहो, मी बायकोच्या चपला घालून आलोय!"

सगळ्यांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. कुणीतरी फिस्‌कन हसलं, आणि कोट सुटला. मी घाईघाईने ओळख करून दिली, खेळण्याचं, जाहिरातीचं सांगितलं. दोन माणसांनी डबा हातात घेऊन फिरवून पाहिला. मग वाद सुरू झाला तो भलताच. "हो आमच्या गिरणीचो नाय. आमचो शेवटाक खाकरता." "आमचाही नाही, आमचा एवढा किंचाळत नाही." "पलीकडच्या गिरणीचा आहे हा!" पलीकडच्या गिरणीतले दोघे तिथेच होते, ते चवताळले. ज्या आवाजाला सगळे झोपेतून उठले, तो आपल्या गिरणीचा म्हणायला एकही तयार होईना. नाना प्रत्येकाचं मन लावून ऐकत होते. असा आनंदलेला माणूस मार खाता खाता वाचलाय हे सांगूनही कुणाला पटलं नसतं.

भावोजी मात्र कठड्याला टेकून खाली बसले होते. शर्टाची बटणं एक घर चुकवून लागलेली, त्यावर बिल्ला. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सकाळपासून चाळीचाळीत हरताळ सांगत मीच फिरलंय. आणि भोंगो झालो तसो हात आपसूक शर्टाक गेलो. माका इचारल्यान पण नाय."

हसणारे थांबले. नानांनी टोपी उचलली, झटकली, डबा पिशवीत घातला, आणि सगळ्यांसमोर भावोजींना हात जोडले.

परत येताना नाना एकदाच म्हणाले, "ओळ खरी आहे रे. पण अर्धीच आहे." उरलेली अर्धी नाही सुचली तर घरी बसायचं होतं, आणि घरी तीन मुलं होती. मी तेव्हा मनातून संतापलो होतो. लिहा ना हुबेहूब, चाळभर माणसांनी साक्ष दिलीय, आणखी काय हवं? पण नानांना हे सांगायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आणि कारखानदार दोघेही वाट बघत बसले होते. नानांनी कागद ठेवला. मालकांनी वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हुबेहूब गिरणीचा भोंगा. दांडा फिरवा, वाजतो. खऱ्यात आणि ह्यात फरक एकच: हा वाजला तर कुणीही उठायचं नाही."

"नाना," मालक म्हणाले, "ही खेळण्याची जाहिरात आहे की कामगारांची सभा? गोबऱ्या गालांच्या मुलाने हे वाचून काय करायचं? मी तुम्हाला सांगितलं होतं..."

"वायच थांबा," कारखानदार म्हणाले. त्यांनी कागद आपल्याकडे ओढला. पत्रा कापून कापून बोटांवर चरे पडलेले, एकेका शब्दाखाली ते बोट सरकवत गेले. शेवटी पोचले आणि परत पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाले, "गिरण सोडून वर्षां झाली. अजून त्या वक्ताक उठान बसतंय. बायल म्हणता, निजा ओ, आता कोण बोलावता तुमका." त्यांनी कागद मालकांपुढे ठेवला. "छापा. एक अक्षर बदललात तर भोंगो घेऊन परत जातलंय."

नानांची खुर्ची राहिली. आणि मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा पाइपवाला बाप काढला नाही. चटईवर पाय ताणून झोपलेला माणूस काढला, खुंटीला शर्ट, आणि उशाशी भोंगा फिरवणारी बिनमोज्यांची पोर. ते माझं सगळ्यांत चांगलं चित्र आहे. हे मी नम्रपणा बाजूला ठेवून सांगतो.

भोंगा खपला, आणि तो कुठे खपावा? लालबाग, परळ, करी रोड. मुलांसाठी म्हणून बाप घेऊन जायचे आणि मुलांच्या हाती देत नसत. चाळींनी आपसांत नियमच केला, इतर दिवशी भोंग्याला हात लावायचा नाही, फक्त सुट्टीच्या सकाळी. दिवाळीनंतरच्या एका रविवारी ताईने नानांना मुद्दाम बोलावणं पाठवलं. आम्ही पोचलो तेव्हा चाळ नुकती जागी होत होती. भावोजी अंथरुणावर बसलेले, मांडीवर भोंगा. आम्हाला बघून त्यांनी मान हलवली, पण उठले नाहीत. दोन्ही हातांनी दांडा फिरवला. आवाज घुमला, चढला, गॅलरीभर पसरला, आणि खालच्या मजल्यावरून, समोरच्या चाळीतून तसेच दुसरे भोंगे वाजू लागले. सगळीकडे नुसता भोंग्यांचा गजर, आणि एकही दार उघडेना.

भावोजींनी डबा बाजूला ठेवला, आडवे झाले, चादर गळ्यापर्यंत ओढली. हाताने फिरवलेली पाती आतल्या आत अजून गरगरत होती, डबा कण्हत होता. भावोजी त्याच्याकडे बघून म्हणाले, "वाज मेल्या, किती वाजतंस ता वाज. मी उठूचंय नाय."

नाना उंबऱ्यावर बसले होते. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्यांनी काही खटपट केली नाही. ताईने स्टोव्ह पेटवला, चहा केला, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच भावोजींचा कप त्यांना अंथरुणात नेऊन दिला.